मदतनिधीसाठी चित्रांच्या प्रिंट्स विकायच्या आहेत : छपाई, किंमत आणि हिशोब कसा बसवावा?

चित्ररेषा

आम्ही सहा चित्रकार मिळून आपत्तीग्रस्तांसाठी निधी उभा करतो आहोत. प्रत्येकाने एक चित्र द्यायचं, त्याच्या ए-३ आकाराच्या प्रिंट्स ऑनलाइन विकायच्या आणि पैसे प्रत्यक्ष मदतकार्य करणाऱ्या संस्थेला द्यायचे, एवढं ठरलं आहे. चित्रं तयार आहेत. अडलंय ते पुढच्या कामात.

आधी छापून ठेवावं की ऑर्डर घेऊन मग छापावं? किंमत ठरवताना काय काय धरायचं? ‘सर्व नफा मदतीसाठी’ असं लिहिलं तर पुरेसं आहे का? रिसो छपाई (झेरॉक्ससारख्या यंत्रावर एकेक रंग वेगळा छापायची पद्धत) करावी असा काहींचा आग्रह आहे, पण चित्रांत बारीक रेषा आणि गडद पार्श्वभूमी बरीच आहे. ज्यांनी असं काम केलंय किंवा छपाई-हिशोबातलं ज्यांना कळतं त्यांनी नीट सांगावं.

ताळेबंद

छापखान्याला फोन करण्याआधी पैशाचा रस्ता आखा. १९७१ साली बांगलादेशातल्या निर्वासितांसाठी सतारवादक रविशंकर आणि ‘बीटल्स’मधले जॉर्ज हॅरिसन यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये कार्यक्रम केला. तिकीटविक्रीचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफकडे लवकरच पोचले. पण ध्वनिमुद्रिका आणि चित्रपटाचं उत्पन्न करखात्याच्या चौकशीत कित्येक वर्षं अडकून पडलं, कारण करसवलतीची कागदपत्रं आधी करून घेतलेली नव्हती. पैसा गोळा झाला होता, लोकांची तयारी होती, तरी गरज होती तेव्हा तो हाताशी नव्हता. तुमचा उपक्रम कितीतरी लहान आहे, पण अडचण त्याच जागी येते.

म्हणून विक्री जाहीर करण्याआधी संस्थेकडून लेखी घ्या : संस्थेचं नाव आणि बोधचिन्ह तुम्हाला वापरायची परवानगी आहे का, पैसे कोणत्या खात्यात आणि कोणत्या कामासाठी जमा होतील, पावती कोणाच्या नावाने निघेल. हा शेवटचा मुद्दा बरेच जण विसरतात. ग्राहक वस्तू विकत घेतो आणि देणगी तुम्ही देता, त्यामुळे पावती सहसा तुमच्या नावाने निघते. ग्राहकाला करसवलतीचं आश्वासन देऊ नका. विक्रीवरचा आणि तुमच्या उत्पन्नावरचा कर कसा लागेल हे हिशोबनिसाला आधीच विचारा.

‘सर्व नफा’ हा शब्द टाळा. नफा म्हणजे काय, हे खर्च कोण ठरवतं त्यावर अवलंबून. त्याऐवजी नगामागे ठरावीक रक्कम जाहीर करा. समजा किंमत १०० धरली : छपाई १८, पॅकिंग १०, ऑनलाइन पैसे घेण्याचं शुल्क ३, खराब झालेल्या आणि टपालात हरवलेल्या नगांसाठी ४. उरले ६५. त्यातले ६० देऊ असं जाहीर करा, ५ हाताशी ठेवा आणि शेवटी उरलेच तर तेही देऊन टाका. टपालखर्च किमतीत मिसळू नका, ऑर्डरमध्ये वेगळा दाखवा. मोफत टपाल दिलंत की लांबचं एकेक गिऱ्हाईक मदतीचाच वाटा खातं. किंमत फार खालीही नको, कारण शुल्कात बहुतेक वेळा टक्केवारीच्या जोडीला दर व्यवहारामागे ठरावीक आकार असतो आणि स्वस्त वस्तूवर तो फार जड पडतो.

आणखी एक. नव्या खात्यावर अचानक शेकडो व्यवहार आले तर पैसे देवघेव करणारी सेवा रक्कम रोखून धरू शकते. ओळखपडताळणी आधी पूर्ण करा, अपेक्षित विक्री त्यांना आधी कळवा. सहा जणांच्या सहा खात्यांत पैसे घेऊ नका. एकच वेगळं खातं उघडा आणि दोघांच्या सहीशिवाय त्यातून काही काढता येणार नाही अशी सोय करा.

नियम जितका सोपा तितका तो लोकांच्या लक्षात राहतो. मार्च २०२० मध्ये ब्रिटनमध्ये चित्रकार मॅथ्यू बरोज यांनी चित्रकारांसाठी ‘आर्टिस्ट सपोर्ट प्लेज’ सुरू केलं. २०० पौंडांपर्यंतच्या किमतीत आपलं काम विकायचं, विक्री १००० पौंडांवर गेली की २०० पौंडांचं दुसऱ्या चित्रकाराचं काम विकत घ्यायचं. एवढाच नियम होता, आणि म्हणून तो कुणालाही एका वाक्यात सांगता येत होता.

शाई_कागद

ऑर्डर आधी, छपाई नंतर. दहा ते चौदा दिवस नोंदणी खुली ठेवा. नोंदणी पहिल्या दोन दिवसांत आणि शेवटच्या दिवशी जास्त येते, मधला काळ थंड असतो. तेव्हा घाबरून मुदत वाढवू नका, वाढवली की आधी पैसे भरलेल्यांना विनाकारण थांबावं लागतं. एकूण नोंदणीवर ५ टक्के नग जास्त छापा.

आता रिसो. या चित्रांना ती नको. रिसोत प्रत्येक रंगाचा मास्टर (छपाईचा साचा) वेगळा आणि कागद यंत्रातून पुन्हा जातो, त्यामुळे रंग एक-दोन मिलिमीटर सरकतात. गडद पार्श्वभूमीत कोरलेली बारीक पांढरी रेष तिथेच भरून जाते. शिवाय तेलाची शाई कागदात मुरते पण पूर्ण वाळत नाही, मोठा गडद भाग बोटाला लागतो आणि त्यावर रोलरचे डाग उठतात. दोन-तीन सपाट रंगांच्या चित्राला मात्र ती फार सुंदर दिसते आणि पन्नासेक प्रतींच्या पुढे स्वस्तही पडते.

तुमच्यासाठी पिगमेंट (रंगकणांच्या) शाईची इंकजेट योग्य. नगामागचा खर्च जवळजवळ तेवढाच राहतो, त्यामुळे एका चित्राला वीस आणि दुसऱ्याला दोनशे नोंदण्या आल्या तरी अडत नाही. ऑफसेट, म्हणजे धातूच्या प्लेटवरून होणारी छपाई, प्लेटच्या खर्चामुळे काही शे प्रतींनंतरच परवडते.

फाइल देताना ए-३ साठी चहूबाजूंनी ३ मिमी जादा सोडा, म्हणजे ३०३ × ४२६ मिमी. ३०० डीपीआयला (इंचामागे ३०० ठिपके) ते साधारण ३५७९ × ५०३२ पिक्सेल होतात. सही आणि अक्षरं कापण्याच्या रेषेपासून किमान ५ मिमी आत. फाइल आरजीबीत (स्क्रीनचे रंग) हवी की सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांचे रंग), ते छापणाऱ्याला विचारा. इंकजेटवाले बहुधा आरजीबीच मागतात. ऑफसेटला सीएमवायके लागते आणि त्यात स्क्रीनवरचा चमकदार निळा, पोपटी हमखास मंदावतो. म्हणून विक्रीच्या पानावर स्क्रीनवरचं चित्र न टाकता छापलेल्या नमुन्याचा फोटो टाका, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील.

ए-३ चा मात्र फेरविचार करा. २५० जीएसएम (चौरस मीटरला २५० ग्रॅम) कागदावर ए-३ प्रिंट सुमारे ३१ ग्रॅम भरते आणि ए-४ सोळा. खरा फरक पॅकिंगचा आहे. ए-३ ला नळी लागते. ती ७५ मिमी व्यासाची घ्या, अरुंद नळीत जाड कागदाला कायमचा बाक येतो. ए-४ सपाट जाते. तिला पारदर्शक पिशवीत घालून दोन पन्हळी पुठ्ठ्यांमध्ये ठेवा, एकाची पन्हळ उभी आणि दुसऱ्याची आडवी, म्हणजे पाकीट कुठल्याच दिशेने सहज दुमडत नाही. पुठ्ठे प्रिंटपेक्षा प्रत्येक बाजूला १० मिमी मोठे, कारण मार बसतो तो कोपऱ्यांना. २ मिमीचा भरीव करडा पुठ्ठा मजबूत असतो, पण ए-४ हून थोड्या मोठ्या तुकड्याचं वजन ९० ग्रॅमच्या आसपास जातं, म्हणजे प्रिंटच्या पाचपट, आणि ते टपालखर्चात दिसतं.

चित्ररेषा

दोघांचे मनापासून आभार. ए-४ आणि इंकजेट पक्कं. आमच्यातल्या एकीला विक्रीपेक्षा फुकट उतरवून घेता येतील अशी माहितीची भित्तिपत्रकं करायची आहेत, पहिलं पिण्याच्या पाण्याबद्दल. त्याबद्दल काही सांगाल?

फलकलेखन

जरूर करा. आपत्तीत प्रिंटपेक्षा हे कधी कधी जास्त उपयोगी पडतं, पण चूक झाली तर नुकसानही जास्त. आधी तिथे काम करणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्यांना विचारा : लोकांना नेमकं कशाचं कळत नाहीये? पत्रक त्या एकाच गोष्टीवर करा.

पाणी उकळण्याचंच घ्या. सूचना अशी असते : पाणी खळाखळा उकळू लागल्यावर एक मिनिट तसंच उकळू द्या, समुद्रसपाटीपासून सुमारे २००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं. आता चित्रात तळाशी चार बारीक बुडबुडे काढले तर बघणारा तेवढ्यावरच भांडं उतरवेल. पृष्ठभाग पूर्ण ढवळून निघालेला दिसला पाहिजे आणि वेळ त्याच्या शेजारीच लिहिलेली हवी. गार करण्यासाठी झाकलेलं भांडं वेगळ्या चौकटीत. गाळलेलं आणि उकळलेलं पाणी एकाच खुणेने दाखवू नका. अंतिम मसुदा डॉक्टरांना दाखवाच, शिवाय विषय माहीत नसलेल्या दोघा-तिघांना दाखवून ‘यात काय करायला सांगितलंय?’ असं विचारा. समजावून सांगू नका, नुसतं ऐका.

तांत्रिक बाजू : ए-४, एकरंगी, चहूबाजूंनी १० मिमी कोरा समास, कारण साधे प्रिंटर कडेपर्यंत छापत नाहीत. मोठे काळे भाग नकोत, टोनर संपतो आणि झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये त्यांचे डाग होतात. प्रतीची प्रत अशी तीनदा काढून बघा, तिसरी वाचता आली तरच पुढे जा. फॉन्ट मुक्त परवान्याचा आणि पीडीएफमध्ये अंतर्भूत, नाहीतर दुसऱ्याच्या संगणकावर जोडाक्षरं तुटतात.

क्यूआर कोड टाकणार असाल तर किमान २ सेंमी, भोवती कोरी जागा, आणि थेट पत्ता असलेला. लिंक बदलता येणारे फुकट कोड ती सेवा बंद झाली की मेले, आणि भिंतीवरचं पत्रक तसंच राहतं. मुख्य सूचना कोडवर सोपवू नका, नेटवर्कच नसेल तर?

परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा (इतरांना काम वापरू देणारा तयार परवाना) ‘श्रेय द्या’ प्रकारचा ठेवा. ‘बदल करू नका’ ही अट घातली तर कुणी दुसऱ्या भाषेत भाषांतर करून वाटू शकणार नाही. मजकूर वेगळ्या थरावर ठेवलेली मूळ फाइलही सोबत द्या. तळाला आवृत्ती आणि तारीख लिहा, सूचना बदलल्या तर जुनी प्रत कोणती ते ओळखता आलं पाहिजे.

ताळेबंद

एक भर. विक्री संपल्यावर पान काढून टाकू नका. नोंदणी बंद झाल्याची तारीख, चित्रागणिक किती नग गेले, खर्च, दिलेली रक्कम आणि संस्थेची पावती तिथेच टाका. पावतीवरचा खाते क्रमांक झाका, ग्राहकांची नावं कुठेही येऊ देऊ नका आणि टपाल पोचल्यावर त्यांचे पत्ते असलेली यादी पुसून टाका. हिशोबासाठी कायद्याने ठेवाव्या लागणाऱ्या नोंदी तेवढ्या वेगळ्या जपा.