मदत हवी आहे: 'ड्रॅगन एज २' या व्हिडिओ गेममध्ये अरिशॉक हरत नाही

तळघर: दुसऱ्या अंकाच्या शेवटी व्हायकाउंटच्या, म्हणजे शहराच्या शासकाच्या, किल्ल्यात कुनारी सैन्याचा सेनापती अरिशॉक याच्याशी एकट्याने लढावे लागते, तिथे मी अडकलो आहे. त्याची शक्ती निम्म्यावर येते आणि मग तो औषध पिऊन पुन्हा उभा राहतो. यावर नेमका उपाय काय? कृपया कथेवर चर्चा नको.

रानजाई: तुमचा नायक हॉक योद्धा आहे, 'रोग' (चपळ, लपूनछपून वार करणारा) आहे की जादूगार? काठिण्यपातळी कोणती? या दोन गोष्टी कळल्याशिवाय कुणीही काय सांगणार?

कोरडाओढा: या भागाचा मूळ दोषच हा आहे. पहिला भाग नोव्हेंबर २००९ मध्ये आला आणि हा मार्च २०११ मध्ये, म्हणजे सव्वा वर्षाच्या आसपास. त्या घाईमुळे त्याच गुहा आणि तीच गोदामे फक्त वेगळी दारे बंद करून पुन्हा पुन्हा दाखवली आहेत, आणि शत्रूंच्या नव्या तुकड्या छपरावरून उड्या मारत येतात, त्यामुळे आखलेली व्यूहरचना वाया जाते. माझे मत विचाराल तर हा भाग सोडून द्या आणि पहिला भाग पुन्हा खेळा.

तळघर: मी मत विचारलेले नाही. हॉक जादूगार आहे, पातळी 'हार्ड' आहे.

चकवा: कोरडाओढा यांचे गुहांबद्दलचे म्हणणे खरे आहे, पण एकाच किर्कवॉल शहरात सुमारे दहा वर्षे घडणारी गोष्ट सांगण्याचे धाडस फार थोड्या गेमनी केले आहे. कुनारी हे परके लढवय्ये पहिल्या अंकात बंदरावर नुसते बसून असतात, तीन वर्षांनी त्याच शहरावर तुटून पडतात, आणि तोवर आपल्यालाही त्या शहराची सवय झालेली असते. पहिल्या भागात गावोगाव फिरताना हे साधले नसते.

कोरडाओढा: शहर तीन अंकांत जवळजवळ बदलतच नाही, मग दहा वर्षे गेली हे कशावरून मानायचे?

रानजाई: तळघर, जादूगार असाल तर मंत्र कोणते घेतले आहेत?

तळघर: उपचाराचे. मी स्पिरिट हीलर आहे. माझी साथीदार ॲव्हलिन शत्रूंना अंगावर घेते आणि मी सगळ्यांना जगवतो, असेच आतापर्यंत खेळलो आहे. द्वंद्वातही हीलिंग ऑरा, म्हणजे शक्ती भरून काढणारा मंत्र, सतत चालू ठेवतो.

रानजाई: मग कारण सापडले. तो ऑरा चालू असताना आक्रमक मंत्र टाकताच येत नाहीत; तुम्ही फक्त काठीने मारत असणार. ऑरा बंद करा, गारठवणारे मंत्र वापरा आणि दालनातल्या खांबांना आड ठेवून पळत राहा, कारण अरिशॉक सरळ रेषेत धावून येतो तेव्हा त्या धडकेत मोठी इजा होते. जवळ येऊ दिलेत की संपले.

दीडशहाणा: एवढी दगदग कशाला? मेकर्स साय हे औषध घ्या आणि सगळे गुण नव्याने वाटून आक्रमक जादूगार व्हा. ते ब्लॅक एम्पोरियममध्ये मिळते.

रानजाई: तो किल्ल्यात शिरला आहे, दुकानात कसा जाणार? जुना सेव्ह आहे का, हे आधी विचारायला हवे होते.

तळघर: हल्ला सुरू होण्याआधीचा सेव्ह माझ्याकडे नाही.

चकवा: तुमची साथीदार इझाबेला कुनारींचा ग्रंथ घेऊन परत आली का? आली असेल तर द्वंद्व नाकारून सगळ्या साथीदारांसह लढता येते. अर्थात तिला कुनारींच्या हवाली करण्याचाही पर्याय असतो आणि मग लढाईच होत नाही, पण तुमची तिच्याशी मैत्री किंवा वैर पुरेसे वाढलेले असल्यामुळेच ती परतली आहे, हे विसरू नका. या मालिकेतील संवादांचे खरे मोल अशाच ठिकाणी कळते.

दीडशहाणा: मी तिला देऊन टाकले होते. काही बिघडले नाही.

चकवा: तिसऱ्या अंकात ती साथीला नसते, यालाच बिघडणे म्हणतात.

तळघर: ती परत आली आहे. द्वंद्व नाकारता येते हे संवादचक्रावरील छोट्या शब्दांवरून मला कळलेच नव्हते. आता आधी ऑरा बंद करून एकट्याने लढतो. तरीही जमले नाही तर ॲव्हलिनसह लढेन.

कोरडाओढा: काठिण्यपातळी मधेच कमी करता येते, हे अजून कुणी सांगितलेले दिसत नाही.