वालोनियाने कॅनडाचा करार अडवला, ते बरोबर होतं का?

गावकूस: ऑक्टोबर २०१६. युरोपीय संघ आणि कॅनडाचा सेटा करार सहीला आला आणि बेल्जियमच्या वालोनिया प्रांताने तो रोखून धरला. जेमतेम ३६ लाखांची वस्ती, आणि ५० कोटींचा बाजार ताटकळला! कॅनडाच्या मंत्री क्रिस्टिया फ्रीलँड रडवेल्या होऊन बैठकीतून निघून गेल्या. व्यापार धोरण जर संघाच्या एकट्याच्या अखत्यारीत, तर प्रांताला विचारायचंच कशाला?

किर्र: कारण करार नुसता जकातीचा नव्हता. परदेशी गुंतवणूकदाराला सरकारवर थेट दावा ठोकता येईल असं वेगळं न्यायपीठ त्यात होतं. सामाईक जमिनीचा व्यवहार करताना सातबाऱ्यावरच्या सगळ्यांच्या सह्या घेतो ना आपण? धाकट्या भावाचा वाटा दोन गुंठे असला तरी.

गावकूस: सातबारा आवडला. पण ३० एप्रिल २०१९ ला युरोपीय न्यायालयानेच सांगितलं की ते न्यायपीठ संघाच्या कायद्यात बसतं. म्हणजे सगळा बाऊच होता की.

किर्र: न्यायालयात गेलं कोण? बेल्जियम. आणि सही देताना ती अट घातली होती वालोनियाने. गप्प बसले असते तर तुम्हाला हा निकाल तोंडावर फेकायला मिळाला असता का?

द्राक्षबाग: दोघंही संघाचा सिंगापूरशी झालेला करार विसरलात. १६ मे २०१७ चं न्यायालयाचं मत : करारातलं जवळपास सगळं संघ एकटा करू शकतो. अपवाद दोनच. कंपनीवर ताबा न येणारी शेअरबाजारी गुंतवणूक, आणि गुंतवणूकदार विरुद्ध सरकार हे तंटे. मग ब्रुसेल्सने, म्हणजे संघाने, कराराचे सरळ दोन तुकडे केले. व्यापाराचा भाग नोव्हेंबर २०१९ मध्ये लागू झाला, गुंतवणुकीचा सदस्यदेशांच्या संसदांकडे गेला. भारताशी २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालेली बोलणीही अशीच व्यापार, गुंतवणूक संरक्षण आणि भौगोलिक मानांकन (मालाला त्याच्या गावाचं नाव लावण्याचा हक्क, जीआय) अशी वेगवेगळी. आम्हा नाशिककरांना द्राक्षांच्या जकातीशी मतलब, त्या न्यायपीठाशी नाही. त्यामुळे मला तरी ही वाटणी पटते.

किर्र: वाटणी नव्हे, पळवाट. सायप्रसच्या संसदेने २०२० मध्ये सेटा फेटाळला, त्यांच्या हलूमी चीजच्या नावाला पुरेसं संरक्षण नाही म्हणून. काय फरक पडला? करार सप्टेंबर २०१७ पासून 'तात्पुरता' लागू आहे, तो आहेच.

गावकूस: हे मात्र खटकतं. 'नाही' ऐकायचंच नसेल तर विचारू तरी नये. माझं म्हणणं पहिल्यापासून तेच आहे, फक्त तुम्ही उलट्या बाजूने आलात :)