खार जमिनीत स्वर्णा-सब१ भात लावलं तर टिकेल का? मदत हवी आहे

मंडळी, पेण तालुक्यात खाडीलगत आमची खार शेती आहे. आजोबा भुरा राता हे जुनं भात लावायचे. उत्पन्न बेताचं, वारा आला की लोळायचा, पण मीठ पचवायचा. आता जुलैत पाणी तुंबतं, आठवडाभर हलत नाही आणि नुकती केलेली लावणी पाण्याखालीच कुजते.

यावर वाचताना ओडिशातल्या एफआर१३ए या जुन्या भाताबद्दल कळलं. बुडाल्यावर बहुतेक भातं हवेसाठी भराभर उंच वाढतात, साठवलेली साखर त्यातच संपवतात आणि पाणी ओसरलं की आडवी होतात. एफआर१३ए मधलं सब१ए जनुक ही वाढच रोखतं, त्यामुळे रोप दोनेक आठवडे दम धरतं. शास्त्रज्ञांनी हे जनुक २००६ साली ओळखलं, आणि ते स्वर्णा वाणात आणून केलेलं स्वर्णा-सब१ २००९ मध्ये भारतात प्रसारित झालं.

पण हे सगळं गोड्या पुराचं. आमच्याकडे उधाणाला खारं पाणीही शिरतं. तिथे सब१ काय कामाचं? बियाणं घ्यायच्या आधी कुणी सांगेल का?

प्रतिसाद १
दादा, सब१ मिठाशी लढत नाही. ते काम वेगळं. केरळच्या पोक्काली भातात सॉल्टॉल नावाचा जनुकीय पट्टा आहे, तो सोडियमला पानांपर्यंत पोचू देत नाही. तोही मुख्यतः रोप लहान असताना. भात मिठाला दोनदा हळवं असतं, रोपावस्थेत आणि फुलोऱ्यात. स्वर्णा पडली गरवी, म्हणजे उशिरा पिकणारी. ती फुलोऱ्यावर येईपर्यंत पाऊस ओसरू लागतो आणि खालचं मीठ वर चढतं. म्हणून मी तरी सगळ्या शेतात लावणार नाही. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचं पनवेल ३ आधी बघा. राब (रोपवाटिका) गोड्या जमिनीत करा, आवण म्हणजे रोपं जरा जून होऊ द्या, लावताना एका चुडात रोपं जास्त धरा. आणि पहिल्या पावसाचं पाणी शेतात साठवून ओहोटीला उघाडीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) सोडा, मीठ धुऊन जातं. वाण कुठलाही असो, हे चुकवू नका.

धागाकर्ता
आभार! राबाला वरकस जमीन आहे, ते जमेल. स्वर्णा-सब१ एका कोपऱ्यातच लावून बघतो. पण उघाडी सामाईक आहे, आणि शेजारचे कोळंबीसाठी मुद्दाम खारं पाणी आत घेतात. अशा ठिकाणी मीठ कसं धुवायचं? कुणी तोडगा काढलाय का?