घरमालकांनाच बाहेर काढणारी काउंटी: गनिसन, कोलोरॅडो. बरोबर केलं का त्यांनी?

मालवणी_डेन्व्हर

नमस्कार मंडळी, विषय जुना आहे पण माझ्या घरात अजून संपलेला नाही म्हणून इथे विचारतोय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी डेन्व्हरला असतो. इथून साडेतीन-चार तासांवर गनिसन नावाची काउंटी (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आहे, डोंगरातली, अख्ख्या काउंटीत माणसं जेमतेम सतरा हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या बाजारगावाएवढी. वर क्रेस्टेड ब्यूटला स्कीइंग आहे त्यामुळे बाहेरच्यांची, त्यातही टेक्सासवाल्यांची, तिथे सुट्टीपुरती घरं भरपूर. मार्च २०२० मध्ये कोलोरॅडोत सगळ्यात आधी कोविड जिथे पसरला त्यात ही काउंटी होती. एप्रिलमध्ये काउंटीच्या आरोग्य विभागाने ऑर्डर काढली की पाहुण्यांनी तर निघायचंच, पण ज्यांचं इथे स्वतःचं घर आहे आणि कायमचा पत्ता दुसरीकडचा आहे त्यांनीही निघायचं, मग तुम्ही इथे टॅक्स भरत असा नाहीतर नसा. मोडलं तर ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि १८ महिन्यांपर्यंत तुरुंगाची तरतूद. टेक्सासचे अॅटर्नी जनरल (म्हणजे राज्याचे मुख्य सरकारी वकील) केन पॅक्स्टन यांच्या ऑफिसने लगेच पत्र पाठवलं की हे घटनेत बसत नाही.

हे वाचलं आणि मला बाबा आठवले. जुलै २०२० मध्ये ते परळहून गावी गेले, आई आधीच तिकडे होती, आणि गावाने त्यांना १४ दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवलं. शाळेच्या खिडकीतून आमच्या घराचं कौलारू छप्पर दिसतं, दोनशे पावलं असतील नसतील. आई रोज गडग्याच्या अलीकडे उभी राहायची. आज इतकी वर्षं झाली तरी बाबा म्हणतात, "माझ्याच गावानं मला वेशीवर अडवलं." ते त्या शाळेवरून जात नाहीत, लांबच्या पाणंदीने जातात.

तर प्रश्न असा की एवढ्याशा काउंटीला किंवा गावाला आपल्याच घरमालकांना अडवायचा अधिकार असावा का, आणि त्याने खरंच काही वाचतं का? शिवाय याच गनिसनने १९१८ च्या फ्लूच्या साथीतही स्वतःला बंद करून घेतलं होतं म्हणतात, ते कितपत खरं?

---

श्वासयंत्र

मी रेस्पिरेटरी थेरपिस्ट आहे आणि तेव्हा पश्चिम कोलोरॅडोतच एका मोठ्या हॉस्पिटलला होते, त्यामुळे माझं मत एका बाजूचं वाटलं तर वाटू दे.

आधी बेडचा हिशोब बघा. अमेरिकेत लहान ग्रामीण हॉस्पिटलांना "क्रिटिकल अॅक्सेस" असा दर्जा मिळतो, त्याची अटच आहे की बेड २५ च्या वर जायचे नाहीत. गनिसनचं हॉस्पिटल याच प्रकारातलं. सतरा हजार लोकांना ते पुरतं कारण एरवी सगळे एकदम आजारी पडत नाहीत. आता त्यात सुट्टीच्या घरांतली माणसं मिळवा, आणि त्यातले बरेच रिटायर झालेले, म्हणजे ज्यांना व्हेंटिलेटर लागण्याची शक्यता जास्त. शिवाय गनिसन गाव ७,७०० फुटांवर आहे, क्रेस्टेड ब्यूट त्याच्याही हजारभर फूट वर. तिथे धडधाकट माणसाचा ऑक्सिमीटरवरचा आकडासुद्धा समुद्रसपाटीपेक्षा खाली असतो, त्यात फुप्फुसाला सूज आली की माणूस फार पटकन खचतो. पेशंट हलवायचा तर पूर्वेला मोनार्क पासचा घाट, ११,३०० फूट, पश्चिमेला ग्रँड जंक्शन शहर सव्वाशे मैलांच्या आसपास.

आमच्याकडे रात्री अशा लहान हॉस्पिटलांमधून फोन यायचे. एक फोन अजून कानात आहे, पलीकडची नर्स म्हणत होती की बर्फ पडतोय, हेलिकॉप्टर उडणार नाही, अॅम्ब्युलन्स निघाली तर पोचायला किती वेळ लागेल सांगता येत नाही, तोवर तुमचा बेड धरून ठेवाल का. आणि मी फोन तसाच हातात धरून कॉरिडॉरमध्ये बघत होते, तिथे स्ट्रेचरवर आमचेच दोघं बेडची वाट बघत पडलेले. मी "हो" म्हटलं. बरोबर केलं का माहीत नाही. पण त्या रात्री जर कोणी मला विचारलं असतं की डोंगरातली आणखी हजार-दोन हजार माणसं खाली घरी पाठवू का, तर मी हात जोडून हो म्हटलं असतं.

अजून एक, त्या काउंटीने नुसती ऑर्डर काढली नाही. टेस्ट किट मिळत नव्हते तेव्हा लोकांना लक्षणं स्वतःहून कळवायला सांगितलं. पुढे "कोरोनामीटर" म्हणून रंगांचा तक्ता केला, त्या रंगावरून काय उघडं काय बंद हे लोकांना रोज कळायचं. लहान जागी लोक विश्वास ठेवतात ते अशामुळे.

---

ऑस्टिनकर

श्वासयंत्र, तुमच्या कामाला सलाम, मनापासून. पण मी दुसरी बाजू मांडतो कारण ती कोणी मांडत नाही.

घर माझं, प्रॉपर्टी टॅक्स मी भरतो, त्या टॅक्समधून तिथली शाळा आणि रस्ते चालतात, आणि तिथे मला मत नाही कारण माझा पत्ता टेक्सासचा. म्हणजे जे कमिशनर निवडून येतात त्यांना माझी नाराजी परवडते. माझ्या ओळखीतल्या एका जोडप्याने तर मार्चच्या सुरुवातीलाच तिकडे जाऊन दार लावून घेतलेलं, दोघं सत्तरीचे, कोणात मिसळत नव्हते, त्यांना परत शहरात पाठवणं म्हणजे उलट गर्दीत ढकलणं झालं की नाही? एखाद्याला सूट द्यायची सोय ऑर्डरमध्ये होती, पण ती मागायची कशी, देणार कोण, कशावर, हे त्यांना शेवटपर्यंत नीट कळलं नाही.

आणि हे एकट्या गनिसनचं नाही. नॉर्थ कॅरोलायनात डेअर काउंटी आहे, समुद्रातल्या बेटांच्या पट्टीवर, तिथे तर पुलांवरच पोलिसांनी गाड्या अडवल्या, आधी पाहुण्यांच्या, मग २० मार्चपासून बाहेर राहणाऱ्या घरमालकांच्याही. ते लोक फेडरल कोर्टात गेले. माझं म्हणणं इतकंच की बंद करा हवं तर, पण जो आधीच आत आहे त्याला आतच चौदा दिवस बसवा ना. हुसकवायचं कशाला?

---

इतिहासवेडा_सातारा

१९१८ ची गोष्ट खरी आहे, पण अर्धीच सांगितली जाते.

तेव्हा गनिसन गावात तेराशेच्या आसपास वस्ती. काउंटीचे डॉक्टर होते जे. डब्ल्यू. रॉकफेलर. फ्लू रेल्वेने गावोगाव सरकतोय हे बघून त्यांनी काउंटीच बंद केली. मोठ्या रस्त्यांवर अडथळे उभे केले. मोटारवाल्यांनी न थांबता सरळ पलीकडे जायचं, थांबलात तर क्वारंटाइन. रेल्वेतून जो उतरेल त्यालाही क्वारंटाइन. मोडणाऱ्यांना खरंच कोठडी दाखवली. असे सुमारे चार महिने काढले, आणि आजूबाजूला, विशेषतः सिल्व्हरटनसारख्या खाणीच्या गावात, माणसं पटापट जात होती तेव्हा गनिसन गाव जवळपास सुटलं. नंतर मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी त्या साथीतून वाचलेल्या मोजक्या ठिकाणांचा अभ्यास केला त्यात गनिसन आहे.

न सांगितली जाणारी अर्धी गोष्ट अशी की १९१९ च्या सुरुवातीला बंदी उठली आणि पुढच्या लाटेत फ्लू तिथेही शिरलाच. तोवर जोर ओसरला होता म्हणून निभावलं. म्हणजे दार बंद ठेवून त्यांनी वेळ मिळवला. आणि तो वेळ मिळवता आला कारण वस्ती विरळ, आत यायच्या वाटा मोजक्या, घरात धान्य आणि गोठ्यात जनावरं. आपल्याकडे त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई बंदरातून साथ शिरली, लोक घाबरून गावी पळाले, तापही बरोबर गेला. देशात सव्वा कोटीच्या वर माणसं गेली असा अंदाज आहे. अडवणार कोण होतं?

ऑस्टिनकर, तुमचा शेवटचा मुद्दा मला पटतो. आत बसवणं आणि हुसकवणं यात फरक आहे. पण आत बसवायचं तर त्याला जेवण, औषध, बेड पुरवायची जबाबदारीही आली, आणि तिथे बेडच नव्हते ही त्यांची अडचण.

---

आशाताई_कुडाळ

मी इतिहास वगैरे जाणत नाही, पण २०२० ला आमच्या गावात आशा म्हणून मीच होते म्हणून लिहिते. मालवणीदादा तुमचं गाव ते माझं नव्हे असं समजा, पण शाळा सगळीकडे सारखीच.

मुंबईची गाडी रात्री अकराला यायची, कधी पहाटे तीनला. पोलीस पाटलांचा फोन आला की मी, ग्रामसेवक आणि एक सदस्य असे शाळेत. थर्मल गन माझ्याकडे, वही माझ्याकडे. नाव, वय, कुठून आले, बीपी शुगर आहे का. या कामाचे सरकारकडून महिन्याला हजार रुपये जादा. सुरुवातीला पीपीई तर सोडाच, मास्क मी स्वतः साडीच्या कापडाचे शिवलेले. लोक ओरडायचे. एक काका, वय पासष्ट, बाकावर बसले आणि मला म्हणाले, "आमी परके झालंव काय गो?" मी काय उत्तर देणार, त्यांच्या पैशावर गावातलं देऊळ उभं राहिलेलं.

पण आमच्याकडे जे बरं झालं ते सांगते. पहिल्या आठवड्यात नुसतं कुलूप होतं, मी खरं बोलते, नुसतं कुलूप आणि धाक. शाळेचा संडास एक, माणसं एकवीस. त्यात एक बाई सात महिन्यांची गरोदर. मग बचतगटाच्या बायकांनी ठरवलं की जेवण घरोघरचं न आणता एकत्र करायचं, सकाळी पेज आणि लोणचं, दुपारी डाळ भात. तरुण मुलांनी दोन तात्पुरते संडास उभे केले. त्या बाईला आम्ही तिच्याच घरातल्या पडवीच्या खोलीत ठेवलं, घरच्यांना मागचं दार वापरायला सांगितलं, मी रोज जाऊन बघायची. ते नियमात बसतं का मी विचारलंच नाही. त्यानंतर ओरडणं कमी झालं. गणपतीच्या वेळी, १२ ऑगस्टच्या आधी येणाऱ्यांना दहा दिवस असं झालं, तेव्हा लोक स्वतःच शाळेत चटई टाकून बसायचे.

मालवणीदादा, तुमच्या बाबांना अडवलं ते चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या महिन्यात गावात सत्तरीच्या वरची चाळीस माणसं होती, नावं मला अजून पाठ आहेत. पण त्यांच्याशी कोणी दोन शब्द बोललं का, चहा कोणी दिला का, ते विचारा.

---

मालवणी_डेन्व्हर

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. ऑस्टिनकर, तुमचाही मुद्दा डोक्यात राहील, मी इथे कोणाशी बोललो तर दोन्ही बाजू सांगेन.

आशाताई, काल रात्री बाबांना फोन लावला आणि तुम्ही म्हणालात तेच विचारलं. आधी गप्प. मग म्हणाले चहा कोणी दिला नाही, पहिले तीन दिवस आईचा डबासुद्धा गेटवरच्या पोराने लांबून काठीने सरकवला, आणि तो पोर म्हणजे ज्याची दहावीची फी त्यांनी भरली होती तो. आम्हाला हे त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. आम्ही समजत होतो की राग शाळेत ठेवल्याचा आहे.

---

आशाताई_कुडाळ

दादा तो पोरही तेव्हा घाबरलेलाच असणार. आमच्याकडेही काठ्या होत्या. तो मुलगा अजून गावात असेल तर या मे महिन्यात बाबांना घेऊन जा आणि त्यालाच घरी बोलवा.