विषय: कम्युनिटी कॉलेजात सायबरसिक्युरिटी, पैशांची सोय कशी करावी?

प्रेषक: मीनल (अ‍ॅशबर्न)

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या जेवणात दोघातिघींशी या विषयावर बोलणं झालं, पण पंगतीत निम्मं ऐकू येत नाही, म्हणून इथे लिहिते.

माझी मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. केमिस्ट्री आहे. लग्नाआधी थोडी वर्षं लॅबमध्ये काम केलं. मग एच-4, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीवर मिळणारा व्हिसा, मग मुलं. आता ग्रीन कार्ड हातात आहे आणि धाकटीही शाळेत जायला लागली. नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे नोव्हात, सायबरसिक्युरिटी शिकायचं मनात आहे. ह्यांची नोकरी गेल्या वर्षी गेली. नवी मिळाली, पण पगार बराच खाली आला, त्यामुळे कर्ज काढायचं नाही असं आमचं ठरलंय. मदत कुठून मिळू शकते? माहीतगारांनी कृपया सांगा.

मीनल

प्रेषक: प्रसाद (स्टर्लिंग)

मीनल, फाफ्सा, म्हणजे केंद्राच्या शिक्षण-मदतीचा फॉर्म, भर. त्यातून मिळणारी पेल ग्रँट 2025-26 ला जास्तीत जास्त 7,395 डॉलर आहे आणि परत करावी लागत नाही. फॉर्ममध्ये आधीच्या बॅचलर्स डिग्रीबद्दल विचारतात, तिथे सरळ 'नाही' म्हण. मुंबईची मार्कशीट इथे कोण बघायला बसलंय!

प्रसाद

प्रेषक: श्रीकांत (फेअरफॅक्स)

मीनल, प्रसादचं ऐकू नकोस. प्रसाद, रागावू नकोस, पण मी निवृत्त होईपर्यंत एका कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसात होतो, त्यामुळे गप्प बसवत नाही. त्या फॉर्मवर खोटं लिहिलं तर 20,000 डॉलरपर्यंत दंड, तुरुंग किंवा दोन्ही, हे फॉर्मवरच छापलेलं असतं. आणि ग्रीन कार्डवाल्या माणसाने सरकारी कागदावर खोटं लिहिणं हा निव्वळ वेडेपणा.

नियम असा. पेल ग्रँट ही पहिल्या पदवीसाठी आहे. हातात बॅचलर्स असेल, मग ती परदेशातली का असेना, तर नेहमीची पेल नाही. आपल्या बहुतेक बायका नेमक्या इथे अडकतात. कम्युनिटी कॉलेज फुकट म्हणून ज्या योजना गाजतात त्यांतल्या बऱ्याच पदवी नसलेल्यांसाठी असतात. न्यू जर्सीच्या ग्रँटला तीच अट, मॅसॅच्युसेट्सच्या मोफत योजनेलाही तीच.

एक फट आहे, तीही कायदेशीर. तुझी बी.एस्सी. तीन वर्षांची असणार. ती इथल्या बॅचलर्सच्या बरोबरीची नाही असं लेखी मूल्यांकन तू दिलंस, तर कॉलेज तुला पदवी नसलेली विद्यार्थिनी मानू शकतं. निर्णय पूर्णपणे कॉलेजचा. मूल्यांकन करणाऱ्या संस्था यावर एकसारखं मत देत नाहीत, तेव्हा आधी एड ऑफिसला त्यांना कोणाचं चालतं ते विचार, मगच पैसे घाल.

दुसरं, फाफ्सा दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न धरतो. 2026-27 साठी 2024 चा टॅक्स रिटर्न बघतील, म्हणजे जुना पगार. उत्पन्न घटल्याचे कागद घेऊन ऑफिसात जा आणि 'प्रोफेशनल जजमेंट' मागायचंय असं सांग. त्यांना आकडे बदलायचा अधिकार आहे. आपले लोक हे मागतच नाहीत, संकोच वाटतो. संकोच कसला त्यात?

श्रीकांत

प्रेषक: गौरी (हर्नडन)

मीनलताई, मी नोव्हातूनच शिकले आणि आता एका कंत्राटदार कंपनीच्या सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटरमध्ये, म्हणजे हल्ल्यांवर नजर ठेवणाऱ्या विभागात, आहे. माझीही पदवी पुण्याची, चार वर्षांची, त्यामुळे श्रीकांतकाकांनी सांगितलेली फट मला नव्हती. तरी खिशाला फार भोक पडलं नाही.

दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीच्या मागे लागू नकोस, निदान आधी तरी. पदवी तुझ्याकडे आहेच, इंग्रजी-इतिहासाचे क्रेडिट पुन्हा कशाला विकत घ्यायचे? इन-स्टेट, म्हणजे राज्यातल्या रहिवाशांची, फी एका क्रेडिटला साधारण 200 डॉलर आहे, एक कोर्स तीन-चार क्रेडिटचा. आधी नेटवर्किंगचा पाया, मग आयटीएन 260, म्हणजे नेटवर्क सिक्युरिटीची तोंडओळख, मग आयटीएन 261. त्यात हल्ले कसे होतात ते शिकवतात.

व्हर्जिनियाची फास्टफॉरवर्ड नावाची योजना बघ. सर्टिफिकेटच्या छोट्या कोर्सची एक तृतीयांश फी तू भरायची. कोर्स पुरा केलास की राज्य एक तृतीयांश देतं, सर्टिफिकेट मिळवलंस की उरलेलं. पदवीची आडकाठी नाही. मात्र कोर्स अर्धवट सोडलास तर आणखी एक तृतीयांश तुझ्या अंगावर येतं, तेव्हा मुलांच्या सुट्ट्या बघून नाव घाल. परीक्षेची फी त्यात धरली आहे का, हेही आधीच विचारून घे.

टॅक्सच्या वेळी लाइफटाइम लर्निंग क्रेडिट विसरू नकोस. 10,000 डॉलरपर्यंतच्या फीचे 20 टक्के, म्हणजे वर्षाला 2,000 पर्यंत. त्याला आधीची पदवी चालते, एकच कोर्स घेतला तरी चालतं. जोडप्याचं उत्पन्न 1,60,000 च्या पुढे गेलं की कमी होत जातं आणि 1,80,000 ला संपतं. लाउडन काउंटीत दोघं कमावते असले की ही रेघ केव्हाच ओलांडलेली असते, पण सध्या तुमचं बसेल बहुतेक.

आणि सायबरकोअर, म्हणजे केंद्र सरकारची सायबरसिक्युरिटीची स्कॉलरशिप. ऐकायला सोन्यासारखं आहे: फी माफ, पदवीच्या विद्यार्थ्याला वर्षाला 27,000 डॉलर विद्यावेतन, ग्रीन कार्ड चालतं. शिवाय 2018 च्या संरक्षण कायद्याने कम्युनिटी कॉलेजांसाठी एक प्रायोगिक शाखा काढली, ती मुळात पदवीधर आणि माजी सैनिकांसाठीच होती. म्हणजे इथे पदवी असलेली बरी! पण जितकी वर्षं पैसे घेतले तितकी वर्षं सरकारी नोकरी करावी लागते, नाहीतर सगळ्याचं कर्ज होतं. सरकारी नोकऱ्या बहुतांशी नागरिकांनाच मिळतात, आणि जानेवारी 2025 मध्ये केंद्राने नोकरभरती गोठवल्यावर जन्माने अमेरिकन असलेली मुलंसुद्धा हातात स्कॉलरशिप आणि डोक्यावर कर्जाची टांगती तलवार घेऊन फिरत होती. तू कर्ज नको म्हणतेस. मग सिटिझनशिप होईपर्यंत यात पडू नकोस.

अभ्यास जमेल का, असं तू मला पंगतीत विचारलंस. लॅबमध्ये एका आकड्यावर शंका आली तर पुन्हा टायट्रेशन करायची ना? तोच स्वभाव लागतो. आम्हाला पहिल्याच महिन्यात वायरशार्कवर, म्हणजे नेटवर्कवरून जाणारा डेटा पकडून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर, एक टेलनेट सेशन पकडायला लावलं होतं. टेलनेट म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरवर लॉगिन करायची जुनी, काहीही न लपवणारी पद्धत. 'फॉलो टीसीपी स्ट्रीम' दाबलं आणि पासवर्डचं एकेक अक्षर पडद्यावर साधं वाचता आलं. वर्गात एक ट्रकचालक गृहस्थ होते, ते लगेच फोन काढून घरच्या राउटरचा पासवर्ड बदलायला लागले.

गौरी

प्रेषक: अमित (चँटिली)

सगळं ठीक, पण नोकऱ्यांचं खरं चित्र कोणीतरी सांगा. 'लाखो जागा रिकाम्या' हे जाहिरातीत. प्रत्यक्षात एंट्री लेव्हलच्या जागेलाही अनुभव मागतात, आणि आपल्या भागात बऱ्याच जागांना क्लिअरन्स, म्हणजे सरकारी सुरक्षा मंजुरी, लागतो, म्हणजे सिटिझनशिप. मी भरती करतो म्हणून सांगतो: सिक्युरिटी प्लस हे सर्टिफिकेट असेल तर अर्ज वाचला जातो, एवढंच. आधी हेल्प डेस्कची नोकरी धर. कंपनी शिक्षणासाठी वर्षाला 5,250 डॉलरपर्यंत करमुक्त देऊ शकते, पुढचे कोर्स त्यात काढ.

अमित

प्रेषक: ऋचा (हर्नडन)

मी अजून एच-4 वर आहे, ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, नाही. मला यातलं काही?

प्रेषक: श्रीकांत (फेअरफॅक्स)

ऋचा, शिकायला काहीच अडचण नाही, एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, करायची गरज नाही. फाफ्सा आणि केंद्राची मदत मात्र नाही. इन-स्टेट फी मिळते का हे कॉलेजच्या डोमिसाइलवाल्यांना, म्हणजे रहिवास तपासणाऱ्यांना, विचार, तिथेच सगळ्यात मोठा फरक पडतो. ईएडी येईपर्यंत पगारी इंटर्नशिप घ्यायची नाही, कोणी कितीही गोड बोललं तरी.

प्रेषक: मीनल (अ‍ॅशबर्न)

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, एड ऑफिसची वेळ घेतली आहे, ह्यांचं नोकरी गेल्याचं पत्र आणि नव्या पगाराच्या स्लिपा बरोबर नेते. मूल्यांकन त्यांना विचारूनच करीन. गौरी, जानेवारीत नेटवर्किंगचा एकच कोर्स घेते, संध्याकाळचा, लाउडन कॅम्पसला. अमित, हेल्प डेस्कची जागा कळली तर नक्की कळव, शनिवार-रविवार चालेल.

कोणाकडे सिक्युरिटी प्लसचं पुस्तक पडून असेल तर मला हवंय. एसवाय0-701 या परीक्षेचं, त्याआधीच्या आवृत्तीचं नको.

मीनल