अनुभव धागा : नागपूरचं ऊन आणि आपला चेहरा

परवा आधार कार्डाचा नवा फोटो काढून आले. जुना सव्विसाव्या वर्षीचा होता, आता एकोणचाळीस चालू आहे. दोन्ही शेजारी ठेवले की डोळ्यांच्या कडेच्या रेषा आणि गालावरची वांगाची फिकट सावली लगेच दिसते. वय दिसण्याचं मला दुःख नाही, आईच्या सुरकुत्या मला मनापासून आवडतात. पण यात वयाचं किती, आपल्या उन्हाचं किती आणि माझ्या हातात काय, एवढं समजून घ्यायचं आहे.

त्यासाठी रामदासपेठेतल्या एका क्लिनिकमध्ये गेले. डॉक्टर भेटायच्या आधीच काउंटरवर सहा सेशन्सचं पॅकेज समोर आलं. उन्हात किती फिरता, काय लावता, कुठली औषधं चालू आहेत, कोणी विचारलं नाही. तशीच परत आले.

म्हणून इथे तुम्हा सगळ्यांना बोलावते आहे. काय केलं, कुठल्या वयात केलं, कोणी करून दिलं (त्वचारोगतज्ज्ञ की पार्लर), साधारण खर्च किती, आणि पुन्हा कराल का? जे बिघडलं ते जास्त सविस्तर लिहा, कारण ते कोणी सांगत नाही. क्लिनिकचं किंवा डॉक्टरांचं नाव नको.

सुरुवात माझ्यापासून. सनस्क्रीन सात वर्षं लावते आहे, त्यातली पाच वर्षं वाटाण्याएवढी लावत होते. ट्यूबवरचा एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) मोजतात तो त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर धरून. म्हणजे चेहऱ्याला आणि गळ्याला दोन बोटं भरून हवी. एसपीएफ ३० उन्हातल्या, त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांपैकी साधारण ९७ टक्के अडवतं आणि ५० अडवतं ९८ टक्के, तेव्हा आकड्यापेक्षा थर महत्त्वाचा. दिवसातून दोनदा अशी लावली की ५० ग्रॅमची ट्यूब महिन्याभरात संपते. तो खर्च मी आता किराण्यात धरते.

वय ३५, मानेवाडा

माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते, एकतीस वर्षं. नागपूर-चंद्रपूर, नागपूर-यवतमाळ. निवृत्तीनंतर एकदा त्यांची दाढी करून देताना पहिल्यांदा नीट पाहिलं. उजवा गाल डाव्यापेक्षा काळा, जाड, आणि उजव्या डोळ्याखाली खोल घड्या. खिडकीची बाजू. पुढे एका अमेरिकन ट्रकचालकाचा फोटो पाहिला, २०१२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात आलेला. अठ्ठावीस वर्षं गाडी चालवलेल्या त्या माणसाची डावी बाजू अशीच झाली होती, कारण तिकडे चालक डावीकडे बसतो. काचेतून यूव्हीबी बहुतेक अडतं, उन्हातलं दुसरं, खोल जाणारं यूव्हीए आत येतं, आणि त्वचा घट्ट ठेवणारं कोलॅजेन मुख्यतः तेच मोडतं. बाबांची खिडकी तर उघडीच असायची. मी रोज वर्धा रोडने कारने जाते. काच बंद, एसी चालू, म्हणून सनस्क्रीन लावत नव्हते. आता लावते, आणि ट्यूबवर ‘पीए’पुढे (म्हणजे यूव्हीएपासूनच्या संरक्षणापुढे) चार अधिक चिन्हं आहेत का ते बघून घेते. बाबांना लावून देते, तेही नाही म्हणत नाहीत.

वय २४, नंदनवन

मी गाडीवर पूर्ण तोंडाला दुपट्टा बांधते, वरून गॉगल, हातात मोजे. नागपूरच्या सगळ्याच पोरी बांधतात. मला वाटायचं, बस झालं एवढं. पण पातळ कॉटनच्या एका पदरातून ऊन जातंच, उजेडात धरून पाहा. आता घट्ट विणीचा गडद दुपट्टा घेतला आणि आतून सनस्क्रीनही लावून राहिली मी. गॉगलने डोळे बारीक करणं थांबलं, तो फायदा वेगळा.

वय ३६, नागपूर (भाग नाही लिहीत)

मी हे कुठेच लिहिलं नव्हतं.

चोविसाव्या वर्षी माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू झालं. दोन ठिकाणांहून ‘मुलगी छान आहे, पण रंग…’ एवढंच उत्तर आलं. एका नातेवाईक बाईंनी एक ट्यूब सांगितली. मेडिकल दुकानात चिठ्ठीशिवाय मिळाली, शंभर रुपयांच्या आत. आठ दिवसांत चेहरा उजळला. इतका, की साखरपुड्यात सगळे विचारत होते. मी ती रोज रात्री लावत राहिले. सहा वर्षं.

चौथ्या वर्षापासून उन्हात गेलं की चेहरा लाल व्हायचा, आग व्हायची. गालांवर बारीक लव वाढली, पुळ्या आल्या, नाकाशेजारी लाल शिरा दिसायला लागल्या. एक दिवस सोडली तरी भडका उडायचा, म्हणून पुन्हा लावायची. तिशीत माझी त्वचा हातमागाच्या जुन्या, विरलेल्या लुगड्यासारखी झाली होती. मोठी बहीण माझ्यापेक्षा लहान दिसायची.

शेवटी मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग ओपीडीत गेले. तिथल्या डॉक्टर मॅडमनी ट्यूबवरचं बारीक अक्षर मला वाचायला लावलं : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. यातलं तिसरं म्हणजे स्टेरॉइड. वांगावर हे औषध देतात, पण काही आठवडे आणि देखरेखीखाली. स्टेरॉइड जास्त काळ लावलं की त्वचा पातळ होत जाते. म्हणजे ज्या म्हातारपणाला लोक घाबरतात, तेच मी विकत घेऊन रोज चोळत होते.

सोडायला आठ महिने लागले. पहिले दोन महिने घराबाहेर पडले नाही. मॅडमनी फक्त साधं मॉइश्चरायझर, झिंक ऑक्साइडची सनस्क्रीन आणि काही दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. त्यांचं एक वाक्य मला आधार देऊन गेलं : ‘त्वचेला काही करू नका, तिला वेळ द्या.’ आता आग होत नाही. शिरा अजून दिसतात. रंग माझा मूळचा आहे, आणि माझ्या मुलीचाही तोच आहे.

वय ५१, इतवारी, औषधांचं दुकान

वरचा अनुभव वाचून झोप लागली नाही, ताई. २०१८ मध्ये सरकारने अशा बऱ्याच स्टेरॉइड मलमांना शेड्यूल एचमध्ये टाकलं. म्हणजे चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाहीत. तरी लोक रिकामी ट्यूब घेऊन येतात आणि हीच द्या म्हणून हट्ट धरतात. मी देत नाही, गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. घरात कोणाकडे गोरेपणाचं मलम असेल तर नाव बघू नका, घटक बघा. मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यातलं काही दिसलं तर आधी डॉक्टरला दाखवा. एकदम बंदही करू नका.

वय ३३, मिहान

मी ट्रेटिनॉइन लावलं, डॉक्टरांनी लिहून दिलेलं, ०.०२५ टक्क्यांचं. रेषा आणि खडबडीतपणा दोन्हींसाठी याचा पुरावा सगळ्यात जुना आणि पक्का आहे असं त्यांनी सांगितलं. चूक माझी झाली. आठवड्यातून दोनदा सांगितलेलं मी रोज लावलं. पंधरा दिवसांत ओठांच्या कडा सोलल्या, हसता येईना. थांबले आणि नव्याने सुरू केलं : आधी मॉइश्चरायझर, मग पूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं, वरून पुन्हा मॉइश्चरायझर, फक्त रात्री. सहा महिन्यांनी फरक दिसला. पण मागच्या वर्षी बाळाचा विचार सुरू केला तेव्हा डॉक्टरांनी लगेच बंद करायला लावलं. गरोदरपणात रेटिनॉइड, म्हणजे ट्रेटिनॉइन, रेटिनॉल हा गट, चालत नाहीत. मुलींनो, रेटिनॉल सीरम ऑनलाइन मागवता तेव्हा हे लक्षात असू द्या.

वय २९, गोकुळपेठ

लग्न जूनमध्ये होतं म्हणून मे महिन्यात पार्लरमध्ये पील (रसायन लावून वरची त्वचा सोलतात ते) केलं. त्याच आठवड्यात खरेदीसाठी सीताबर्डीला भर दुपारी फिरले. दोन्ही गालांवर तपकिरी डाग उमटले, ते जायला दिवाळी आली. आपल्या रंगाच्या त्वचेवर जळजळ झाली की मागे डाग राहतो, हे नंतर त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितलं. त्या डॉक्टर स्वतः पील थंडीतच करतात. आजीच्या लिंबू-बेसनाचंही तेच. लिंबाचा रस लावून उन्हात जाऊ नका, त्यातल्या घटकांमुळे ऊन लागून चट्टे उठतात.

वय ४७, धरमपेठ

मी बोटॉक्स (स्नायू सैल करणारं इंजेक्शन) घेते आणि लपवत नाही. मी रोज वकिली करते, भुवयांमधल्या आठीमुळे अशील मला रागावलेली समजायचे. पहिल्यांदा एका जागी घेतलं तेव्हा एक भुवई वर चढली. तीन आठवडे फोटो काढू दिला नाही कोणाला. दुसऱ्यांदा त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी आधी मला कपाळ वर-खाली करायला लावलं, स्नायू तपासले, मग मोजक्या जागी टोचलं. चौथ्या दिवसापासून सैल वाटायला लागलं, दोन आठवड्यांत पूर्ण. टिकलं साडेतीन महिने. दर वेळी सात-आठ हजार जातात. वर्षातून दोनदाच घेते, तेवढंच परवडतं.

फिलर (गाल, ओठ भरायला टोचतात ते जेल) घेणाऱ्यांनी एक प्रश्न नक्की विचारा : ते विरघळवणारं हायलुरोनिडेज क्लिनिकमध्ये आत्ता आहे का? फिलर रक्तवाहिनीत गेलं तर त्वचा मरू शकते, दृष्टीही जाऊ शकते. उत्तर देताना समोरचा अडखळला तर उठून या.

वय ४४, मेडिकल चौक

एवढं सगळं वाचलं, पण रोज सनस्क्रीन लावून खरंच सुरकुत्या कमी होतात का हो? की नुसती जाहिरात?

(धागा सुरू करणारी)

ताई, यावर ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावात चाचणी झाली आहे, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. पंचावन्नच्या आतले ९०३ लोक होते. अर्ध्यांनी रोज लावायची, अर्ध्यांनी वाटेल तेव्हा. साडेचार वर्षांनी हातांच्या पाठीच्या त्वचेचे ठसे तपासले, तर रोज लावणाऱ्यांची त्वचा २४ टक्के कमी जुनी झाली होती. इतका नेमका पुरावा मला आतापर्यंत कुठल्याच पॅकेजमध्ये कोणी दाखवला नाही.

वय ४२, बुटीबोरी, साइट सुपरवायझर

बायांच्या धाग्यात लिहू की नको, असा विचार करत होतो. मीही गेलो होतो डॉक्टरकडे. गाल आत गेले, तोंड म्हाताऱ्यासारखं दिसून राहिलं म्हणून. कोणीतरी सांगितलं, गालात फिलर भरतात. पैसे जमवले होते.

डॉक्टरांनी चेहऱ्याला हातही लावला नाही. म्हणाले, तोंड उघडा, तीन बोटं उभी घाला. दोनही जाईनात. खर्रा (सुपारी-तंबाखूचा) किती खाता, विचारलं. वीस वर्षं, दिवसाला चार-पाच पुड्या. गाल आतून पांढरे, पट्ट्यासारखे कडक झाले होते. तिखट लागलं की आग व्हायची, ती मी उष्णता समजून राहिलो होतो. सबम्यूकस फायब्रोसिस, म्हणजे गाल आतून कडक होऊन तोंड कमी उघडण्याचा आजार म्हणाले, आणि हेही म्हणाले की याचा पुढे कॅन्सर होऊ शकतो. फिलर नाही, दातांच्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली.

चार महिने झाले, खर्रा बंद आहे. तोंडाचे व्यायाम रोज करतो, आईस्क्रीमच्या काड्या दातांत एकावर एक ठेवून. सुरुवातीला अकरा जायच्या, काल चौदा गेल्या. साइटवरची सहा पोट्टी विशी-बाविशीची आहेत. जेवणाच्या सुटीत मी त्यांना तीन बोटं घालायला लावतो. दोघांची गेली नाहीत. सोमवारी त्यांना घेऊन जातो आहे.