मदत हवी आहे: पुरात वस्त्यांना निरोप द्यायला लोरा मेश बरं की वायफाय?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव परंडा तालुक्यात, सीनेच्या काठचं. सप्टेंबर २०२५ च्या पुरात आधी लाईट गेली, मग मोबाईलचा टॉवर बंद पडला. चुलत्यांची वस्ती गावापासून अडीच किलोमीटरवर. त्यांच्या गोठ्यात रात्री पाणी शिरलं आणि आम्हाला कळलं दिवस उगवल्यावर. काकांनी अंधारात इळ्यानं दावी कापली म्हणून म्हशी वाचल्या, दोन वासरं गेली. यंदा मिरगाच्या आत काहीतरी उभं करायचंच आहे.

पोरं म्हणतात, डिश अँटेना लावून गावातलं वायफायच वस्त्यांवर नेऊ. फोटो, कॉल सगळं होईल हे खरं. पण पाच वस्त्या पाच दिशांना, प्रत्येकीला समोरासमोर नजर लागायला हवी आणि राऊटरला चोवीस तास वीज. पुरात तीच नसते.

म्हणून लोराचे, म्हणजे कमी विजेत लांबवर छोटे निरोप नेणाऱ्या रेडिओचे, दोन बोर्ड घेऊन त्यांवर मेशटॅस्टिक टाकलं. हे सॉफ्टवेअर एका बोर्डाचा निरोप दुसऱ्यामार्फत पुढे नेतं, त्यालाच मेश म्हणतात; निरोप मोबाईल जोडून लिहायचा. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झला आपल्याकडे परवाना लागत नाही. एक बोर्ड पाण्याच्या टाकीवर बांधला, दुसरा खिशात घेऊन गाडीवर निघालो. वस्तीवर निरोप पोचला, ओढ्यात उतरलो की बंद, उसाच्या फडातही बंद. एका निरोपात साधारण २०० बाइट मावतात आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट खातं. तरी ‘पाणी गोठ्यापर्यंत आलं, ट्रॅक्टर पाठवा’ एवढं आरामात बसतं. आम्हाला तेवढंच हवंय.

आता अडलंय ते असं. झडीत चार-चार दिवस ऊन नसतं, तेव्हा टाकीवरचा बोर्ड सोलरवर टिकेल का? काकूला मोबाईल चालवता येत नाही, तिच्यासाठी काय करावं? आणि टाकीवर वीज पडायची भीती वाटते.

उत्तर: दादा, निरोपापुरतं लोराच घ्या. टाकीवर ईएसपी३२ चिपचा बोर्ड नको, एनआरएफ५२ चिपचा लावा, तो बॅटरी फार कमी खातो. काकूंसाठी स्क्रीन आणि बटणांचा बोर्ड बघा, त्यात ठरावीक निरोप आधीच भरून ठेवता येतात. बझरही जोडा, झोपेत जाग यायला हवी. अँटेना लावल्याशिवाय बोर्ड कधीच चालू करू नका, रेडिओ जळू शकतो. निरोप गुप्त ठेवणारी चॅनलची मूळ किल्ली (पासवर्डसारखी) सगळ्या जगाला माहीत असते, ती बदला. विजेसाठी अँटेना टाकीच्या वीजरोधकापेक्षा खाली ठेवा, अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत वळवणारा भाग) लावून अर्थिंग द्या आणि आभाळ गडगडत असताना वर कुणाला चढू देऊ नका. ओढ्यापलीकडच्या वस्तीसाठी मधे एखादं उंच माळरान आहे का? तिथे तिसरा बोर्ड लावून बघा.